चौथ्या वाफ्याची नोंद

दोरीला दर चाळीस सेंटिमीटरवर गाठ.
एक टोक माझ्या हातात, दुसरं सिब्दूमावशीच्या,
आणि गाठ जिथे मातीला टेकेल तिथे
चवळीचे दोन दाणे.
मावशीला या सगळ्याचं हसू येतं.
तिची आई भोपळ्याच्या वाडग्यात
मूठभर ज्वारीला चिमूटभर चवळी मिसळायची,
ज्या खड्ड्यात जे पडेल ते पडेल.
"पुढचं त्या दोघी बघून घ्यायच्या," मावशी म्हणते.

कायाच्या उत्तरेला, तांबड्या मुरमाड रानात
आमचे बारा वाफे.
ज्वारी कुठे विरळ, कुठे मध्यम,
कुठे इतकी दाट की शेळीसुद्धा विचार करून शिरेल.
चवळी दोन जातींची.
एक केंद्राची: उभी, हळवी,
साठ दिवसांत आटोपून मोकळी होणारी,
पाहुणी आल्यासारखी.
दुसरी गावची: गरवी, वेलीची,
दिवस आखडू लागल्याशिवाय फुलायचं नाही
असं ठरवूनच उगवलेली.

पस्तिसाव्या दिवशी मोजमाप.
दाट ज्वारीतली उभी चवळी लांबट झाली होती,
पेरापेरात अंतर पडलेलं,
लग्नाच्या मांडवात मागे उभी राहून
टाचा उचलून बघणाऱ्या मुलीसारखी.
मुळं उपटून धुतली.
नखाने गाठी फोडल्या:
उन्हातल्या आतून गुलाबी,
सावलीतल्या फिकट, मोहरीएवढ्या.
शेंगा विरळ ज्वारीत झाडाला चौदा,
दाट ज्वारीत चार.

मी म्हटलं, ज्वारी विरळ करा.
इद्रिसाकाका काही बोलला नाही,
कोठाराकडे बघत राहिला.
कोठार ज्वारीने भरतं. ज्वारी घराची, म्हणजे त्याची.
चवळीचे पैसे मावशीच्या पदराच्या गाठीला.
दोन ओळींत अंतर किती ठेवायचं
हे मी मातीला विचारत होते,
आणि ते अंतर त्यांच्या अंगणातून जात होतं.

आता चौथा वाफा.
दाट ज्वारी, गावची वेल.
पानांची मोजणी दर सोमवारी:
एकसष्ट. चव्वेचाळीस. बावन्न. तीस.
झाड वाढतंय आणि पानं घटताहेत.
मी अळ्या शोधल्या, उताणी पडून
पानांच्या पाठी बघितल्या.
अळी नव्हती.
शेंड्याशी मात्र नखाचा नीट काप होता,
रोज नवा, सकाळचा ओला.

त्या संध्याकाळी मावशीने जेवायला थांबवलं.
ज्वारीचा घट्ट तो, आणि सोबत
हिरवा, बुळबुळीत, शेंगदाण्याचा कालवण.
मी दोन घास खाल्ले
आणि माझ्या वहीतले एकतीस आकडे
जिभेवर ओळखले.
"चौथ्यातली?" मी विचारलं.
"चौथ्यातलीच कोवळी असतात," ती म्हणाली,
"सावलीत वाढतात ना.
उन्हातली चरचरीत. ती तू मोज."

वेल खुडली तसतशी फुटत गेली,
ज्वारीच्या ताटाला धरून वर चढली,
एक ताट तर वाकवलंच.
शेंगा? तीन.
खोटं कशाला लिहू, तीनच.
पण ऑगस्टभर, कोठार तळाला गेलेलं असताना,
सात माणसांच्या घरात रोज कालवण होतं,
आणि माझ्या तक्त्यात कालवणाला रकाना नाही.
पानं घटण्याचं कारण, असा मात्र आहे.
तिथे कीड, रोग, दुष्काळ, जनावर
यांतलं एक खुणेने दाखवायचं असतं.
मी चारही खोडले आणि लिहिलं: सिब्दू.
केंद्रातून विचारणा आली,
ही कोणती कीड, शास्त्रीय नाव द्यावे.

काढणी झाली. बारा वाफ्यांच्या बारा पिशव्या गेल्या.
मावशीने हळवीचे दोन पसे दाणे मागून घेतले
आणि गरवीच्या तीन शेंगांतले, न मागता.
शेवटी दोरीही मागितली.
शुक्रवारी बाजारात ती दिसली,
चवळीच्या वाळल्या वेलांचा भारा विकताना,
भारा माझ्याच दोरीने बांधलेला.
कुणा गिऱ्हाइकाने विचारलं, या गाठी कशाला?
मी जवळच उभी होते.
"घसरत नाही," ती म्हणाली.